सरजाबाईचं सातवं कडवं

सरजाबाईला गाणं रचायला कागद लागत नाही, चूल लागते. जळकोट रस्त्यावरच्या बोरवाडीच्या शाळेत ती वीस वर्षं पोरांची खिचडी शिजवते आहे. एकशे चाळीस पोरांचं पातेलं ढवळता ढवळता तिच्या तोंडात एक ओळ येते, तांदूळ शिजेपर्यंत दुसरी येते, आणि झाकण ठेवून वाफ मुरायला घातली की कडवं पुरं होतं. घरी गेल्यावर सून ज्योत्स्ना ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घेते. सरजाबाई सातवी पास आहे, तिला लिहिता येत नाही असं नाही. पण तिचं म्हणणं, शिजवणं माझं काम, वाढणं सुनेचं.

गाणी तिनं किती केली ते तिनं मोजलेलं नाही. नाताळच्या फेरीची केली, लग्नातली केली, बाप्तिस्म्याची केली, माणूस मातीआड करतानाची केली. उदगीर, मुरुड, पार किनवटपर्यंतच्या ख्रिस्ती मंडळ्यांत पेटी उघडली की कुणीतरी म्हणतंच, ‘लावा की सरजाबाईचं.’ हे तिला ठाऊक आहे, आणि आपल्याला ठाऊक नाही असं दाखवायची तिला हौस नाही. स्वतःबद्दल शंका अशी तिला फारशी आलीच नाही. आली असती तरी ‘नंतर ये, खिचडी करपंल’ म्हणून तिनं ती दारातूनच परत पाठवली असती.

पण तिचा खरा अभिमान प्रभुभोजनाच्या गाण्यांवर. नाताळचं गाणं कुणीही बांधावं, चार घंटा आणि दोन तारे टाकले की झालं. प्रभुभोजनाचं तसं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी बोरवाडीच्या देवळात, येशूनं शिष्यांबरोबर केलेल्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून मंडळी भाकर आणि द्राक्षरस घेते. द्राक्षरस म्हणजे काळ्या मनुका उकळून केलेला रस, तो पाळकांच्या, म्हणजे देवळातल्या धर्मगुरूंच्या, घरी शनिवारी होतो. वेदीपुढं लाकडी कठडा आहे. दहा माणसं तिथं गुडघे टेकतात, पाळकसाहेब एकेकाच्या हातावर तुकडा ठेवतात, पेला ओठाला लावतात, ती दहा उठतात आणि पुढची दहा येतात. बोरवाडीत याला सरळ पंगत म्हणतात. आणि एका पंगतीला एक कडवं, हा इथला जुना रिवाज. कडवं लांबलं तर माणसं गुडघ्यांवर ताटकळतात. तोकडं पडलं तर नुसते खोकले ऐकू येतात. सरजाबाईचं कडवं लांबतही नाही आणि तोकडंही पडत नाही. शेवटचा माणूस उठतो तेव्हा धृपद सुरू झालेलं असतं, आणि त्या धृपदावर तो आपल्या जागेवर येऊन बसतो.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मागच्या जूनमध्ये नांदेडहून नवे पाळक आले. नाव आनंदराज. वय चौतीस, स्वभाव सरळ, आणि कायम घाईत. घाई त्यांच्या हौसेची नव्हती. बोरवाडीची उपासना आटोपून मोटारसायकलवर तीस किलोमीटर जायचं आणि एक वाजता दुसऱ्या मंडळीत उभं राहायचं, अशी त्यांची दर रविवारची कसरत. ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी उपासना सुटल्यावर त्यांनी सरजाबाईला घरी बोलावलं. टेबलावर एक खोका होता. त्यात अंगठ्याएवढे प्लास्टिकचे कप, प्रत्येकाला झाकण, झाकणाखाली भाकरीचा चतकोरही नव्हे असा गोल तुकडा आणि आत रस. करोनात शहरातल्या मंडळ्यांनी हे सुरू केलं होतं, आणि करोना गेला तरी कप राहिले होते.

"सरजामावशी, पुढच्या महिन्यापासून प्रभुभोजन जागेवरच द्यावं म्हणतो," पाळकसाहेब म्हणाले.

सरजाबाईनं एक कप उचलून उजेडात धरला. "दवाखान्यात गोळ्या देत्यात तसं?"

साहेब हसले, पण मागं हटले नाहीत. "पन्नास मिनिटं लागतात मावशी. बाराला जळकोटची एसटी असते. निम्मी माणसं आशीर्वादाच्या आधीच पिशव्या उचलून निघतात."

"येळेचा जिम्मा माझा. एकशे चाळीस पोरं मी ईस मिन्टात जेवू घालते. सत्तर थोरल्या माणसांचं काय घेऊन बसलाव?"

"नुसता वेळेचा प्रश्न असता तर मी बोललोच नसतो." साहेबांनी खिशातली डायरी काढली. "आज सहा माणसं जागची उठलीच नाहीत. प्रभूच्या जेवणाला आली आणि उपाशी गेली. भगवानराव मास्तरांना गुडघे टेकवत नाहीत, म्हणून ते येत नाहीत. संगप्पा शनिवारी पिलेला असतो, म्हणून रविवारी वर मान करत नाही. करिश्मानं मंडळीबाहेर लग्न केलं, ती दाराशीच बसते. खिडकीच्या बाकावरची दोघं ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत बसली आणि पंगती संपल्या. आणि सहाव्या मनकर्णाबाई." त्यांनी डायरी मिटली. "कठड्यापर्यंत चालत जायचं म्हणजे सगळ्यांनी बघायचं. कप हातात आला की कुणी मागं राहणार नाही. मनकर्णाबाईसुद्धा घेतील."

सरजाबाईला पहिली पाच नावं ऐकून वाईट वाटलं. सहावं ऐकून राग आला. आणि रागात माणूस बोलू नये ते बोलतो, तशी ती बोलून गेली. "ती कठड्यापाशी येऊन घेईल. माझ्या गाण्यावर घेईल."

"आणि नाही आल्या तर?"

"एक बी माणूस मागं राह्यलं तर पुढच्या टायमाला तुमचे कप मी सोता वाटीन."

साहेबांनी थोडा विचार केला. एक महिना, अर्धा तास, आणि एकही माणूस मागं राहता कामा नये, असं ठरलं. सरजाबाई ताठ मानेनं बाहेर पडली. फाटकापर्यंत ती मान तशीच होती, मग जरा खाली आली.

मनकर्णाबाईचं काय आहे ते इथं सांगून टाकलेलं बरं. सरजाबाईच्या तोंडून ते कुणाला ऐकायला मिळायचं नाही.

दोघी मुरुडकडच्या एकाच गावच्या, एकाच गल्लीतल्या. सरजा चार वर्षांची असताना तिची आई गेली. बाप मजुरीला गेला की पोर दिवसभर मनकर्णाच्या घरी. मनकर्णाची आई जात्यावर बसली की एका मांडीशी मनकर्णा आणि दुसऱ्या मांडीशी सरजा. ती माऊली दळताना ओव्या म्हणायची, आणि त्यांतली एक चाल अशी होती की ऐकणाऱ्याचा हात आपोआप खुंट्याला जायचा. पुढं दोघी लग्न होऊन बोरवाडीतच आल्या, घरंही दोन दारं सोडून. सरजाबाईनं आपलं पहिलं गाजलेलं गाणं बांधलं ते त्याच चालीवर. बांधलं म्हणून काही बिघडत नव्हतं. चाली अशाच एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातात.

बिघडलं ते एकोणीस वर्षांपूर्वी, लातूरला. ख्रिस्ती गीतांचं संमेलन होतं, मोठा मांडव होता. सरजाबाईच्या गाण्यावर सगळा मांडव डोलला, तिला शाल घातली, आणि माईकवाल्यानं विचारलं, "शब्द तुमचे, हे कळलं. चाल कुणाची, बाई?" तिसऱ्या रांगेत मनकर्णाबाई पदर सावरून बसली होती. आपल्या आईचं नाव आता माईकवरून ऐकू येणार म्हणून तिनं शेजारणीचा हातसुद्धा दाबला होता. आणि सरजाबाई म्हणाली, "प्रभूनं दिली."

टाळ्या केवढ्या पडल्या! परतीच्या जीपमध्ये मनकर्णाबाई एकच वाक्य बोलली. "प्रभूनंच दिली असंल, पण माझ्या आईच्या तोंडून दिली की गं." सरजाबाई शालीची घडी घालत बसली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. वेदीपाशी यायच्या आधी ज्याच्याशी तेढ आहे त्याच्याशी समेट करावा, असं शास्त्र सांगतं. मनकर्णाबाईनं ते मनावर घेतलं. ती उपासनेला येते, पण बोरवाडीत कठड्यापाशी जात नाही. वर्षातून दोनदा लातूरला लेकीकडं जाते आणि तिथं प्रभुभोजन घेते. सरजाबाई मात्र दर महिन्याला घेते. गाणाऱ्यांना पाळक सगळ्यात शेवटी पेटीपाशीच आणून देतात, त्यामुळं तिला कठड्यापर्यंत जायची वेळ कधी आली नाही. तिला याबद्दल कुणी टोकलं नाही, आणि तिनं स्वतःला टोकायचं तर तिला फुरसत कुठं होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत ती पोरांना वाढत होती. दर दिवसासारखीच ओरडत होती, "पाचवीवाले उठा! सहावीवाले, ताटं घ्या! ए खांबाजवळच्या, तुला निराळं आवतण पायजे का?" आणि पळी हातात तशीच राहिली. पोरं वीस मिनिटांत जेवतात ती काही भराभर खातात म्हणून नव्हे. पुढं कुणी उठायचं हे पोरांना ठरवावं लागत नाही, सरजाबाई ठरवते. देवळात मात्र प्रत्येक माणूस शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसतो. पन्नासांतली वीस मिनिटं त्या बघण्यात जातात, आणि जे लाजतात ते त्या बघण्यातच मागं राहतात. मग गाण्यानंच हाक मारली तर? कोण उठायचं ते कडव्यातच सांगून टाकलं तर?

असं गाणं कुणी केल्याचं तिनं ऐकलं नव्हतं, पण त्यानं तिला काही अडत नव्हतं. पंगती सात, कडवी सात. चाल शिकवायला वेळ नव्हता, म्हणजे सगळ्यांच्या तोंडात बसलेलीच घ्यायला हवी. सगळ्यांच्या तोंडात बसलेली चाल एकच होती, जात्यावरची. सरजाबाईनं तीच घेतली. धृपद त्याच दुपारी झालं:

भाकर मोडली प्रभूनं हातानं,
एकाही जिवानं राहू नये.

मग आठवडाभर रोज एक कडवं. पहिलं म्हाताऱ्याकोताऱ्यांचं, दुसरं लेकुरवाळ्यांचं, आणि तिसऱ्यापासून साहेबांच्या डायरीतली माणसं आणि त्यांच्या आसपास बसणारी. भगवानराव मास्तरांसाठी तिनं केलं:

गुडघे दुखती, उभ्यानंच यावं,
मन वाकवावं तेवढंच.

ज्योत्स्नानं लिहून घेतलं आणि हसली. "आत्याबाई, मास्तर तर मन बी वाकवत न्हाईत."

"ते प्रभू बघंल. मी गुडघ्यापुरतं केलंय."

संगप्पाचं कडवं खिचडीला फोडणी देताना सुचलं. त्याचं नाव घ्यायचं नाही, दारूचं नाव घ्यायचं नाही, आणि त्याला मात्र कळलं पाहिजे, असं ते अवघड काम. ‘काल पडलेला, आज उठलेला, त्याच्याच नावाला पान आहे.’ पान म्हणजे पंगतीत मांडलेलं पान. ही ओळ सुचली तेव्हा सरजाबाईला इतका आनंद झाला की तिनं मीठ दोनदा टाकलं, आणि त्या दिवशी एकशे चाळीस पोरांनी शाळेच्या टाकीतलं पाणी संपवलं. करिश्माचं कडवं मात्र तिला एका बैठकीत आलं, डोळ्यांत पाणी घेऊनच आलं:

दारात थांबली माहेरची लेक,
तिचा घास एक आधी वाढा.

सहावं खिडकीच्या बाकाचं होतं, म्हणजे खरं तर सगळ्या संकोची माणसांचं. ‘खिडकीच्या बाका, आली तुझी वेळ, संकोचाचा खेळ पुरे आता.’ सहा कडवी सहा दिवसांत झाली. सातव्या दिवशी खिचडी शिजली आणि कडवं शिजलं नाही. आठव्या दिवशीही नाही. ऑक्टोबर संपत आला तरी सरजाबाई चुलीपुढं नुसतीच बसून राही. असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं, आणि तिनं त्याचं खापर ओल्या सरपणावर फोडलं. शेवटी शनिवारी सकाळी तिनं ज्योत्स्नाला हाक मारली आणि घाईघाईनं सांगितलं, "हं, लिव्ह.

रुसलेल्या जिवा, सोड आता राग,
प्रभूकडं माग क्षमा थोडी."

ज्योत्स्नानं लिहिलं नाही. ती पेन धरून सासूकडं बघत राहिली. "आत्याबाई, क्षमा त्यांनी मागायची का?"

"कडव्यात जागाच तेवढी हाय. सहा अक्षरात किती बसवू?"

"अक्षरांचं न्हाई म्हणून राहिले मी."

"तू लिव्ह!" सरजाबाई ओरडली. ज्योत्स्नानं लिहिलं. तरी सरजाबाईला चैन पडेना, म्हणून दुपारी तिनं सुनेलाच मनकर्णाबाईकडं पाठवलं, उद्या नक्की या म्हणावं. दोन दारांपलीकडून निरोप लगेच आला: येते की. ऐकायला येते.

नोव्हेंबरचा पहिला रविवार. देऊळ भरलेलं. मलप्पा पेटीवर बसला होता. हा कर्नाटकाच्या हद्दीवरचा माणूस, मराठी कमी बोलतो आणि सूर कधी चुकत नाही. सरजाबाई त्याच्या शेजारी खंजिरी घेऊन. बायकांच्या बाजूला, शेवटून दुसऱ्या बाकावर मनकर्णाबाई. वेदीच्या कोपऱ्यात, पांढऱ्या कापडाखाली, साहेबांनी तो कपांचा खोका आणून ठेवला होता. कापडाखाली असला तरी सरजाबाईला तो दिसत होता. साहेबांनी आशीर्वचन म्हटलं, भाकर मोडली, आणि पेटी सुरू झाली.

पहिलं कडवं लागलं तशी म्हातारी माणसं उठली. आपल्याला गाण्यातून बोलावलंय हे त्यांना कळायला थोडा वेळ गेला, पण कळल्यावर ती अशी ऐटीत निघाली की बघत राहावं. दुसऱ्या कडव्याला बाया लेकरं कडेवर घेऊन उठल्या. तिसऱ्याला भगवानराव मास्तर. त्यांनी आधी आजूबाजूला बघितलं, मग काठी टेकत गेले आणि कठड्यापाशी ताठ उभे राहिले. साहेबांनी त्यांना उभ्यानंच तुकडा दिला. चौथ्या कडव्याला संगप्पा जागेवर रडू लागला. शेजारच्यानं त्याला कोपर मारलं, तेव्हा तो उठला. सरजाबाईचा आवाज तिथं जरा हलला, पण खंजिरीचा ठेका चुकला नाही. करिश्मा दारातून आली तेव्हा पुढच्या चौघी जणी आपण होऊन बाजूला सरकल्या आणि तिला मध्ये घेतलं. आणि खिडकीचा बाक तर कडव्याची दुसरी ओळ यायच्या आत उठला; दोघंही एकदमच उठले आणि एकमेकांवर आदळले. लोक हसले. प्रभुभोजनात बोरवाडीत असं कधी कुणी हसलं नव्हतं, आणि त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही.

सहा पंगती झाल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चोवीस मिनिटं झाली होती. साहेबांनी सरजाबाईकडं बघून मान हलवली. त्या मान हलवण्यात खुशी होती, खोटं कशाला बोला. सरजाबाईनं सातवं कडवं लावलं.

रुसलेल्या जिवा, सोड आता राग,
प्रभूकडं माग क्षमा थोडी.

उरलेली माणसं उठली, नऊ. कठड्यापाशी नऊ जण गुडघे टेकून बसले आणि दहावी जागा रिकामी राहिली. शेवटून दुसऱ्या बाकावर मनकर्णाबाई बसून होती. रागानं नव्हे, हात मांडीवर, नजर सरळ, आपण ऐकायला आलो आहोत तर नीट ऐकावं अशी. नऊ जणांना दिलं. नऊ जण उठले. धृपद सुरू झालं, ‘एकाही जिवानं राहू नये,’ आणि सगळ्या मंडळीनं ते मोठ्यानं म्हटलं, कारण आता ते सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. म्हणता म्हणता एकेकाची मान मागं वळली. साहेब थाळी हातात घेऊन उभे होते. त्यांनी दाराकडं पाहिलं, सरजाबाईकडं पाहिलं, आणि मग हळूच त्या पांढऱ्या कापडाकडं.

मलप्पानं विचारायला भुवया वर केल्या: थांबवू? सरजाबाईनं मान हलवली, नको. पेटी नुसती चाल वाजवत राहिली, शब्दाविना. आणि तशी, शब्दाविना ऐकली तेव्हा सरजाबाईला जातं ऐकू आलं. त्या गल्लीतलं, दारामागचं. मांडीची ऊब आठवली. आपल्याला जेवण झालंय का असं विचारणारं जगात दुसरं कुणी नव्हतं तेव्हा विचारणारी ती बाई आठवली. शाल घेताना तिचं नाव ओठांवर आलं होतं, हेही आठवलं. आलं होतं, आणि आपण गिळलं होतं. एवढा मोठा मांडव आपल्याकडं बघत होता आणि त्या मानातला थोडासुद्धा कुणाला द्यावासा वाटला नाही. लाज वाटली तिला. एकोणीस वर्षांची लाज एकदम वाटली, आणि ती काही थोडी नसते.

तिनं खंजिरी खाली ठेवली. आणि चुलीशिवाय, पातेल्याशिवाय, उभ्या उभ्या कडवं रचलं:

तुझ्या आईपाशी चाल मी शिकले,
झाकून ठेवले आजवर.

मलप्पाची बोटं चुकली. लोकांनी ती पहिल्यांदाच चुकताना ऐकली. ज्योत्स्नानं तोंडाला पदर लावला. मनकर्णाबाईची नजर मात्र तशीच सरळ होती, फक्त हात मांडीवरून उचलून तिनं पुढच्या बाकाची पाठ धरली होती. सरजाबाई पेटीपासून निघाली. कठड्याकडं नव्हे, बाकांच्या मधून मागं, शेवटून दुसऱ्या बाकापर्यंत गेली. चालता चालता म्हणत गेली:

ऊठ मनाबाई, धर माझा हात,
एका पंगतीत जेवू दोघी.

‘मनाबाई’ मनकर्णाला तिची आई म्हणायची, आणि आईच्या मागं सरजा. तिसरं कुणी म्हणत नव्हतं. मनकर्णाबाईनं लगेच हात धरला नाही. सरजाबाईला तो हात पुढं करून बराच वेळ उभं राहावं लागलं, आणि ते बरंच झालं म्हणायचं. मग मनकर्णाबाई बाकाला धरून उठली, पदर नीट केला आणि तिनं तो हात धरला. दोघी साठी उलटलेल्या बाया हातात हात घालून कठड्यापर्यंत गेल्या. वीस वर्षं दुसऱ्यांना पंगतीत बसवणारी सरजाबाई तिथं पहिल्यांदा गुडघे टेकून बसली.

घड्याळात पस्तीस मिनिटं झाली होती. एसटी चुकणार हे पिशव्यावाल्यांना कळलं होतं, तरी एकही पिशवी उचलली गेली नव्हती. साहेब थाळी घेऊन दोघींपुढं आले. अर्ध्या तासाची अट त्यांना आठवत होती की नाही कोण जाणे. पुढं त्या खोक्यातले कप रिकामे होऊन रविवारच्या शाळेतल्या पोरांना रंग कालवायला मिळाले, एवढं मात्र खरं. त्यांनी तुकडा मोडला, आधी मनकर्णाबाईच्या हातावर ठेवला, मग सरजाबाईच्या. पेला दोघींच्या ओठांना लागला. मागं मंडळीनं आपण होऊन धृपद धरलं, कारण म्हणणारी तर कठड्यापाशी होती.

सरजाबाईचे डोळे मिटलेले होते, गालांवरून पाणी वाहत होतं. तिला वाटलं, आता मनाबाई काहीतरी बोलेल. माफ केलं म्हणेल, नाहीतर नाही केलं म्हणेल. मनकर्णाबाई धृपद ऐकत होती. ऐकता ऐकता ती सरजाबाईच्या कानाशी वाकली.

"दुसऱ्या ओळीला आई सूर वर न्यायची. तू खालीच ठेवलास. एकोणीस वर्षं सगळा जिल्हा चुकीचं म्हणून राहिलाय."

"मंग म्हून दाव की," सरजाबाई म्हणाली.

मनकर्णाबाईनं कठड्याला धरून आपलं अंग उचललं, मंडळीकडं तोंड केलं, आणि दुसरी ओळ तिच्या आईसारखी म्हटली, वर नेऊन. मलप्पानं तो सूर शोधला, मिळवला, आणि सरजाबाई खाली गुडघ्यांवर बसूनच तिच्या मागून म्हणू लागली.